दोन ब्रेड म्हणजे किती?

सकाळच्या न्याहारीला बसलेला मुलगा 'मला दोन ब्रेड दे' असे आईला म्हणतो, तेव्हा त्याच्या बशीत ब्रेडचे दोन काप येतात. आणि त्याच मुलाला आई 'कोपऱ्यावरून दोन ब्रेड घेऊन ये' म्हणून पिटाळते, तेव्हा तो दोन अखंड पुडे घेऊन परततो. शब्द तोच, संख्या तीच, जिन्नस मात्र कितीतरी पटींनी कमीजास्त. तरीही या वाक्याने मराठी घरात कोणाची फसगत होत नाही, कारण बोलणारा पाटावर बसला आहे की दुकानाच्या पायरीवर उभा आहे, एवढ्यावरून ऐकणारा परिमाण मनाशी भरून घेतो. हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत घालून आपला विद्यार्थी लंडनच्या किंवा लीड्सच्या दुकानात उभा राहिला, तर 'टू ब्रेड्स' हे शब्द समोरच्या माणसाच्या कानाला खटकल्यावाचून राहत नाहीत. इंग्रजांच्या लेखी ब्रेड ही पाण्यासारखी, पिठासारखी, वाळूसारखी एक राशी आहे. तिची मोजदाद करावयाची तर तिला आधी काही आकार द्यावा लागतो, अखंड असेल तर 'लोफ', कापलेली असेल तर 'स्लाइस', आणि ताटलीत सांडलेला कण असेल तर 'क्रम'.

हा विषय आपल्या शाळांतून 'गणनीय' आणि 'अगणनीय' अशा दोन रकान्यांत मांडला जातो, व विद्यार्थी ते रकाने घोकून परीक्षेपुरते पार पडतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण कोणती वस्तू दाणा-दाणा करून पाहावयाची आणि कोणती ढीग म्हणून पाहावयाची, याचा निवाडा प्रत्येक भाषेने आपल्या शेतात, चुलीपाशी आणि पेठेत फार पूर्वी केलेला असतो; तो निवाडा पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यात अधिक गोडी आहे, आणि तो समजून घेताना आपल्या स्वतःच्या भाषेने केलेले निवाडेही प्रथमच डोळ्यांपुढे उभे राहतात.

'लोफ'चेच पाहा. या शब्दाचे जुने रूप 'ह्लाफ', आणि हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या रोजच्या खाद्याचे सर्वसाधारण नाव तेच होते. 'ब्रेड' हा शब्द त्या काळी क्वचित, तुकडा किंवा घास अशा अर्थाने आढळतो. पुढे इसवी सन १२०० च्या सुमारास दोघांनी जागांची अदलाबदल केलेली दिसते: तुकड्याचे नाव सगळ्या राशीला मिळाले, आणि राशीचे नाव आक्रसून एका नगापुरते उरले. 'लॉर्ड' या शब्दाच्या मुळाशी हाच ह्लाफ असून त्याचा मूळ अर्थ भाकरीचा राखणदार, आणि 'लेडी' म्हणजे पीठ मळणारी. धनी आणि धनीण यांची ओळख ज्या समाजाने भाकरीवरून ठेवली, त्याच्या भाषेत भाकरी मोजण्याचे शब्द एवढ्या काटेकोरपणे राखले गेले असले तर त्यात विस्मय वाटावयास नको. आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात, त्यांच्याच भाषेतील नाव घेऊन. चौथाई या अर्थाचा 'पाव' हा संस्कृत 'पाद'पासून आलेला सर्वस्वी निराळा शब्द आहे. मराठीने मात्र या पाहुण्याला राशीत जमा न करता सरळ मोजावयास घेतले, एक पाव, चार पाव. आणि एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांच्या समूहाला 'लादी' हे नाव देऊन टाकले, ज्याला नेमका प्रतिशब्द इंग्रजीतही सहजी सापडणार नाही.

धान्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषांचा कारभार विशेष मौजेचा आहे. आपण तांदूळ 'निवडले' म्हणतो, गहू 'दळून आणले' म्हणतो, मूग 'भिजत घातले' म्हणतो, म्हणजे या सर्वांना अनेकवचनात, दाण्यांच्या स्वरूपात पाहतो. परंतु बाजरी 'दळली', साखर 'संपली', डाळ 'शिजली', या साऱ्या एकवचनात. मुगापेक्षा बाजरीचा दाणा लहान म्हणून तसे झाले असेल असे म्हणावे, तर एकाच धान्याची दोन नावे आडवी येतात: 'ज्वारी दळली' हे एकवचन आणि 'जोंधळे दळले' हे अनेकवचन. पदार्थ तोच, जाते तेच, भाकरीही तीच. केवळ नाव बदलताच ढिगाचे दाणे झाले. इंग्रजीतही हीच तऱ्हा आढळते. गहू म्हणजे 'व्हीट' ही राशी आणि ओट म्हणजे 'ओट्स' हे दाणे, जरी दोन्ही एकाच कणगीत शेजारी शेजारी राहू शकले असते.

वाटाण्याची हकिकत तर यापुढची आहे. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीज' असा शब्द होता, आणि तो मुळात अनेकवचन नव्हता. त्याच्या शेवटी असलेला 'ज'चा ध्वनी अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा ऐकू येत असल्यामुळे सतराव्या शतकात लोकांनी त्यातून तो सोडवून घेतला आणि एका वाटाण्यासाठी 'पी' हा नवाच शब्द तयार केला. हा सामान्य जनांनी दिलेला निकाल होता, आणि व्याकरणकारांना तो पुढे निमूटपणे मान्य करावा लागला. याच्या उलट 'कॉर्न' हा शब्द प्रारंभी एकेका कणाचा होता, आणि मिरीच्या दाण्याला आजही 'पेपरकॉर्न' म्हणतात त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. धान्य या व्यापक अर्थाने तो पुढे ढिगाचा झाला. त्याचे कूळ शोधीत गेल्यास लॅटिन 'ग्रानुम' हा त्याचा भाऊबंद भेटतो, आणि आणखी मागे गेल्यास आपल्या 'जीर्ण' या शब्दाशी त्याचे नाते जुळते, कारण मुळातला अर्थ पिकलेले, पक्व झालेले, असा आहे.

तांदळाच्या बाबतीत मात्र इंग्रजीची तिजोरी रिकामी आहे. शेतातले भात, निवडलेले तांदूळ, शिजलेला भात, यांतील पहिल्यासाठी त्यांनी मलाय भाषेतून 'पॅडी' उसना घेतला, आणि उरलेल्या दोहोंचे काम 'राइस' या एकाच शब्दावर भागविले. शिजलेल्या भाताच्या एका कणाला आपण 'शीत' म्हणतो, आणि शितावरून भाताची परीक्षा करतो. एक आणि राशी यांतील संबंध इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी म्हण भात खाणाऱ्या लोकांनाच सुचू शकते.

आता 'किती' या शब्दाकडे वळू. मराठीत तो दुधालाही पुरतो आणि आंब्यांनाही, कारण वस्तू मोजण्याजोगी आहे की नाही हे नामाच्या वचनावरून कळतेच, ते प्रश्नातही सांगण्याची मराठीला निकड भासली नाही. इंग्रजी मात्र प्रश्नाच्या आरंभीच दाखला मागते: राशी असेल तर 'हाउ मच', नग असतील तर 'हाउ मेनी'. त्यातच 'हाउ मच' एकटे आले की ते पैशांची चौकशी करते. म्हणून 'हाउ मच आर द मँगोज' म्हणजे आंबे कसे दिले, 'हाउ मेनी मँगोज' म्हणजे आंबे किती, आणि 'हाउ मच मँगो' म्हणजे चिरलेला आंबा किती. अनेकवचनाचा एवढासा प्रत्यय गळताच आंबा टोपलीतून निघून वाडग्यात येऊन पडतो. कोंबडीचेही असेच आहे. 'सम चिकन' खाल्ले म्हणणारा मनुष्य चार तुकडे खाऊन उठलेला असतो, आणि 'अ चिकन' खाल्ली म्हणणाऱ्याने अख्ख्या पक्ष्याचा फडशा पाडलेला असतो. मराठीचे लक्ष निराळ्या दिशेला आहे. तिला आकाराची चौकशी स्वतंत्रपणे करावीशी वाटते, आणि त्यासाठी तिने 'केवढा' हा शब्द राखून ठेवला आहे, जो सांगण्यासाठी इंग्रजीला दोन शब्द लागतात.

'अ लिट्ल' आणि नुसते 'लिट्ल', 'अ फ्यू' आणि नुसते 'फ्यू', या जोड्यांनी तर कित्येक चांगल्या विद्यार्थ्यांना छळले आहे. भांड्यात 'अ लिट्ल मिल्क' आहे असे म्हटले तर पाहुण्यांचा चहा होण्याची आशा आहे. तो 'अ' गाळला तर चहा बेताचाच होणार, किंवा होणारच नाही. हा भेद शिकविताना मी मुलांना मराठीतला 'च' दाखवितो. 'दूध थोडे आहे' आणि 'दूध थोडेच आहे' यांत जे अंतर, तेच इंग्रजीत त्या एका अक्षराने पडते. फरक इतकाच की उणीव दाखविण्यासाठी ते एक अक्षर काढून घेतात, आणि आपण एक अक्षर वाढवितो. हे एकदा ध्यानात आले की मुलाला पुन्हा नियम पाहावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

नगांसाठी 'फ्यूअर' आणि राशीसाठी 'लेस' हा नियम अनेक इंग्रजी शिक्षक वेदवाक्याप्रमाणे सांगतात. वस्तुतः तो फार जुना नाही. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० मध्ये इंग्रजी भाषेवरील आपल्या पुस्तकात, नगांच्या बाबतीत 'फ्यूअर' अधिक बरे दिसेल असे स्वतःचे मत नोंदविले, आणि त्या मताचाच पुढे कायदा झाला. तत्पूर्वी शतकानुशतके इंग्रज माणूस नगांनाही 'लेस' लावीत आला होता. ब्रिटनमधील दुकानांत थोडी खरेदी करणाऱ्यांच्या रांगेवर 'टेन आयटेम्स ऑर लेस' अशी पाटी असे, आणि भाषाशुद्धीचे अभिमानी तिच्यावर इतके चिडत, की २००८ मध्ये टेस्को या दुकानसाखळीने वाद मिटविण्यासाठी तेथे 'अप टु टेन आयटेम्स' असा पाठ लावावयाचे ठरविले. अशा वादांना क्षुल्लक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या भाषेतील पाटीवर लोकांनी भांडावे, हे त्या भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

परंतु मला स्वतःला ज्या गोष्टीने सर्वाधिक विचार करावयास लावले, ती म्हणजे इंग्रजीतील 'ऑफ' हा लहानसा शब्द. 'अ किलो ऑफ राइस', 'अ कप ऑफ टी', 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', असा एकच सांधा ते सर्वत्र वापरतात. आपण तेथे तीन निरनिराळे सांधे वापरतो, आणि जन्मभर वापरूनही आपल्याला त्याची जाणीव नसते. वजन किंवा माप असेल तर मराठी दोन शब्द नुसते शेजारी ठेवते: एक किलो तांदूळ, दोन वाट्या रवा, अर्धा शेर दूध, येथे षष्ठीचा प्रत्यय लागत नाही. वस्तूचा निसर्गतः वेगळा होणारा अवयव किंवा तुकडा असेल तर षष्ठी येते: लसणाची पाकळी, फणसाचा गरा, संत्र्याची फोड, गुळाचा खडा, नारळाची कवड. आणि भांडे किंवा हात हेच माप झाले असेल तर 'भर' येतो: वाटीभर, ओंजळभर, पसाभर, चिमूटभर. 'दुधाची बाटली' म्हटल्याने ती भरलेली आहे की विसळून पालथी घातलेली, हे कळत नाही, पण 'बाटलीभर दूध' म्हटले की संशयाला जागा उरत नाही. इंग्रजीत हाच भेद 'मिल्क बॉटल' आणि 'बॉटल ऑफ मिल्क' असा शब्दांचा क्रम फिरवून केला जातो. आणखी एक विशेष असा, की 'डझन' या शब्दापाशी इंग्रजीही आपला 'ऑफ' सोडून देते आणि मराठीसारखेच 'अ डझन एग्ज' असे म्हणते, कारण तो शब्द तेथे संख्येच्या पंक्तीत जाऊन बसतो. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेला हा डझन मुळात लॅटिन 'दुओदेकिम', म्हणजे आपल्या 'द्वादश'चाच भाऊबंद; तो परका वाटेनासा झाला यात नवल नाही.

अवयवांच्या नावांत मात्र शब्दकोश जवळ नसेल तर स्वयंपाकाचा नाश व्हावयास वेळ लागत नाही. आमच्या नात्यातील एका गृहिणीने इंग्रजी पाकपुस्तकात 'टू क्लोव्हज गार्लिक' असे वाचून मोठ्या निष्ठेने दोन लवंगा आणि एक अख्खा लसूण रश्शात घातला होता, आणि ते कालवण जेवताना आम्हा सर्वांच्या कपाळावर घाम आला होता. दोष तिचा नव्हता. लवंगेचा 'क्लोव्ह' हा खिळा या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला, कारण लवंगेचा आकारच खिळ्यासारखा. आणि लसणाचा 'क्लोव्ह' हा फाकणे, दुभंगणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूचा वंशज. दोन कुळांतील दोन शब्द काळाच्या ओघात एकरूप झाले. मक्याच्या कणसाला 'इअर' म्हणतात त्याचाही कानाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते. अवयवांवरून आलेली नावेही आहेतच: कोबीच्या गड्ड्याला ते 'हेड' म्हणतात, आणि केळ्यांच्या व्यापारात फणीला 'हँड' व एकेका केळ्याला 'फिंगर' म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या पूर्वजांना त्याच केळ्यांत केस विंचरण्याची फणी दिसली, इंग्रजांना हाताची बोटे दिसली. 'बंच' हा त्यांचा शब्द मात्र फार मोघम वाटतो. आपल्याकडे द्राक्षांचा घड, मेथीची जुडी, विड्याच्या पानांची कवळी, गवताची पेंढी, सरपणाची मोळी, अशी प्रत्येक बांधणीला आपापली संज्ञा आहे. हे शब्द आज 'एक पॅकेट मेथी' अशा बोलण्यापुढे मागे सरू लागले आहेत, आणि ते ऐकताना मला घरातले एखादे जुने भांडे मोडीत गेल्यासारखे वाटते.

मापांचा इतिहास ज्याला वाचावयाचा असेल, त्याने पौंडापासून आरंभ करावा. आपले वडीलधारे ज्याला रत्तल म्हणत, तो हा पौंड. लॅटिनमध्ये 'लिब्रा' म्हणजे तराजू आणि तराजूत घातलेले वजन, म्हणून पौंड लिहिताना आजही 'एलबी' ही दोन अक्षरे लिहितात. औंस आणि इंच हे दोन्ही शब्द 'बारावा हिस्सा' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाची लेकरे आहेत, जरी किराण्याच्या पौंडात पुढे बारांऐवजी सोळा औंस मोजले जाऊ लागले. १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन ठरविला, आणि त्याचा आठवा हिस्सा असलेला पाइंट ५६८ मिलिलिटरांचा झाला. अमेरिकेने मात्र राणी ॲनच्या काळातला मद्याचा जुना गॅलन सोडला नाही, म्हणून तिचा पाइंट ४७३ मिलिलिटरांवरच थांबला. एकाच भाषेत लिहिलेल्या दोन पाकपुस्तकांतील 'पाइंट' असा भिन्न असतो, आणि अमेरिकेत 'स्टिक ऑफ बटर' म्हणजे पाव पौंड, सुमारे ११३ ग्रॅम लोणी, हे ठाऊक नसलेल्या वाचकाला त्या काठीचा उलगडा होत नाही. आपल्याकडे शेराचीही हीच कथा होती. ऐंशी तोळ्यांचा शेर प्रमाण मानलेला असला तरी गावोगावचे शेर वेगळे होते, आणि वजनाचा शेर व मापाचा शेर यांतही अंतर होते. १९५६ च्या कायद्यान्वये ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, शेर आणि मण दप्तरातून गेले, पण 'पावशेर' हा शब्द जुन्या मंडळींच्या जिभेवर पुढे कित्येक वर्षे राहिला.

मापाच्या काठाशी एक प्रश्न मात्र सर्व देशांत सारखाच उभा राहिला: माप भरावे ते कोठवर? फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ मध्ये बोस्टनच्या पाकशाळेचे आपले सुप्रसिद्ध पुस्तक प्रसिद्ध केले, आणि चमचा किंवा पेला भरून वरून सुरीची सपाट कड फिरवावी, म्हणजे प्रत्येक घरात पदार्थ सारखाच उतरेल, असा आग्रह धरला. तेव्हापासून इंग्रजी पाकपुस्तकांत 'लेव्हल' चमचा आणि 'हीप्ड' चमचा हा भेद पक्का झाला. आपल्या खळ्यावर पायलीने धान्य मोजणाऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागला नव्हता. मापाच्या काठावर जो निमुळता ढीग उभा राहतो त्याला 'शीग' हे नाव मराठीत आहेच, आणि शिगोशीग भरलेली पायली व काठाशी पुसून घेतलेली पायली यांतील अंतर घेणाऱ्यालाही ठाऊक होते आणि देणाऱ्यालाही.

इंग्लंडच्या भट्टीवाल्यांनी ही शीग संख्येने दिली. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १२६६ च्या सुमारास, तेथे पाव आणि बिअर यांविषयी एक कायदा झाला, त्यात पावाची किंमत कायम ठेवून गव्हाच्या दराप्रमाणे त्याचे वजन बदलत ठेवले होते. गहू महागला की त्याच पैशात पाव लहान मिळे. वजनात खोट आढळली तर दंड होई, आणि गुन्हा पुन्हा घडला तर भर चौकात खोड्यात उभे राहावे लागे. हाताने मळून भट्टीत भाजलेल्या पावांचे वजन तोलून मापून सारखे उतरणे कठीण, म्हणून भट्टीवाले बारांवर एक तेरावा पाव घालू लागले, आणि तेरांना 'बेकर्स डझन' हे नाव पडले, असे सांगितले जाते. आमच्या लहानपणी दूधवाला दाराशी येई तेव्हा पितळी मापाने रतिबाचे दूध पातेल्यात ओतून झाल्यावर, ते माप पुन्हा चरवीत बुडवून तो एक बारीक धार वर सोडीत असे. तिचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता. पण आई ती धार पडेपर्यंत पातेले मागे घेत नसे.